विझवायचा राहिलेला दिवा

सुलभाकाकी गेल्याचं मला मस्कतमध्ये कळलं. ज्या घरी मी कामाला आहे तिथल्या आजींना औषध देत होते, तेवढ्यात आमच्या मंडळातल्या मधूभाऊंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "काकी गेल्या गं... सगळं उरकलं. दिवा तेवढा तसाच हाय." रडू नंतर आलं, आधी भीतीच वाटली. कारण तो दिवा विझवायचं काम माझं होतं.

पळसदरीला काकींच्या मागच्या खोलीत आमचं मंडळ बसतं. ते काही जुनं नाही. काकींनी शाळेतून निवृत्त झाल्यावर सुरू केलं. पण त्यातली दीक्षा, मौन, कानात दिलेलं नाव हे त्यांनी जुन्या नाथ आणि शाक्त पोथ्या वाचून बसवलेलं. दीक्षेत प्रत्येकाला एक गुप्त नाव मिळतं. ते एकालाच सांगायचं, त्याने सांभाळायचं. माणूस गेला की त्याचा दिवा तेवत ठेवायचा, आणि सांभाळणाऱ्याने समोर बसून ते नाव एकदाच मोठ्याने घेऊन दिवा शांत करायचा. तोवर माणूस निघाला पण पोचला नाही, असं आम्ही मानतो.

कळंबची माझी आई म्हणायची, "आमी देवळात जानारी मानसं. तुला ह्ये कानात फुकायचं याड कुठनं लागलं गं?" मी आठवीत शाळा सोडलेली, काकींकडे स्वयंपाकाला जायचे. एका गुरुवारी त्यांनी मला आत बोलावलं. बँकेतले साहेब, डॉक्टरीणबाई रांगेत बसलेल्या. मी पदराला हात पुसत दारातच उभी. तर म्हणाल्या, "बस गं. मौनात सगळे सारखेच अडाणी." चार माणसांत बसायची माझी भीती तिथून कमी झाली. गेली म्हणणार नाही... आणि पुढे आपलं नाव त्यांनी सांभाळायला दिलं ते मलाच. फार सुंदर नाव आहे. त्यांच्या हयातीत त्या नावाने त्यांना कुणीच हाक मारली नाही, हे आता फार लागतं.

मस्कतला निघताना निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या.

"काकी, नाव दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी तिकडं लांब..."

"का गं, जड झालं होय?"

"तसं नाय. वेळेवर पोचले नाय तर?"

"मग थांबीन की! जन्मभर वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांची वाट बघितली, आणखी एकीची." हसल्या. "फोनवरून मात्र नको हां. मला फोनवर नीट ऐकू येत नाही."

करार संपेपर्यंत मला रजा नाही. मधूभाऊ म्हणाले, "फोन दिव्यापाशी धरतो, बोलून टाक. काकी काय रागवायच्या नाय." त्यांचंही खरंच आहे. मंडळातली माणसं थकलेली, तरी पाळीपाळीने तेल घालायला येतात. परवा मी हो म्हणाले. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. खोली दिसली, काकींचं रिकामं आसन दिसलं, पुढ्यात तो पितळी दिवा. नाव ओठांवर आलं...

"भाऊ," मी म्हटलं, "वात जरा पुढं सारा."

त्यांनी काडीने वात सारली, ज्योत मोठी झाली. मग म्हणाले, "ये तू सावकाश. तेल हाय."