फुली

धुळ्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी कार्यालय सांभाळते. प्रवेशाचं वेबपेजही माझ्याकडेच. मोबाइलवर तक्ता मावेना, म्हणून मी शब्द काढून टाकले आणि प्रत्येक कागदाच्या रकान्यात छोटी चित्रं टाकली. मिळाला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. तक्ता सुटसुटीत झाला आणि मी स्वतःवर खूश झाले.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला नरडाण्याकडचे एक आबा आले. हातात त्याच तक्त्याची घडी घातलेली प्रिंट.

"ताई, पोरनं नक्की झायं ना? मंग चादरी कितल्या लागतीन?"

मी प्रिंट पाहिली. त्यांच्या नातीच्या नावापुढे तीन बरोबरच्या खुणा होत्या. उत्पन्नाच्या दाखल्याखाली फुली होती.

"आबा, हा दाखला आलेलाच नाही."

"असं कसं? बाकीना कागद तपासात, नि याले शिक्का मारी दिन्हा. फुली शे ना!"

"फुली म्हणजे नाही, आबा."

"कोन म्हने? मतपत्रिकावर आपला माणूससमोर फुलीनाच शिक्का मारतस ना?"

सहाला तक्ता बंद होणार होता, आणि दाखला नसेल तर जागा दुसरीला जाणार होती. मी नातीला फोन लावला. दाखला घरीच होता. फोटो काढला होता, पण तो पाठवताना मध्येच अडकला, हे तिला कळलंच नव्हतं. फुली पाहून आजोबा म्हणाले "पास", आणि घरात पेढे वाटले गेले होते. तिने फोटो पुन्हा पाठवला. पावणेपाचला फुलीची बरोबरची खूण झाली, तेव्हा आबा खुर्चीत बसले. तोवर उभेच होते.

मग मी फुली असलेल्या बाकी सात घरी फोन केले. आणखी दोघांनी मला तेच मतपत्रिकेचं शास्त्र ऐकवलं. सहाच्या आत सगळ्यांचे कागद आले. आबा चादरी विचारायला आले नसते, तर तीन मुलींच्या जागा माझ्या सुटसुटीत तक्त्याने घालवल्या असत्या. त्यांचे आभार मी तिथेच मानले, पण त्यांनी बाहेरून चहा मागवला होता, त्यांना ते त्या चहाचे वाटले.

आता चित्रं आहेतच, पण प्रत्येकाशेजारी शब्दही आहे: "मिळाला", "अजून हवा". तक्ता मोबाइलवर थोडा सरकवावा लागतो. सरकवा.

त्या घाईत चादरींचं सांगायचं मात्र राहून गेलं. नात राहायला आली, तेव्हा आबांनी सहा आणल्या होत्या.