सहलेखकाची संमती

शोधनिबंधात छापून येतं ते थोडं. छापता न येणारं बरंच मागे उरतं, आणि समोर ऐकणारं कोणी नसलं की ते साठतच जातं. नवापूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे आम्ही दोघंच होतो, पाटील सर आणि मी. आता मी एकटीच आहे, म्हणून तुम्हाला सांगत बसलेय.

*

सर शहाद्याकडचे, तापीकाठचे. मी कोल्हापूरची. डोंगरातल्या ओढ्यांमधल्या खेकड्यांवर आम्ही मिळून लिहायचो; कुठलं वाक्य कोणाचं, ते नंतर आम्हालाही सांगता यायचं नाही. एकदा केमिस्ट्रीचे एक सर आले. शोधनिबंध नसल्याने त्यांचं प्रमोशन अडलं होतं. आमच्या पेपरवर त्यांचंही नाव टाकावं, एका नावाने काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पाटील सर नाही म्हणाले नाहीत. रविवारी विसरवाडीच्या पुढे ओढ्यावर या, म्हणाले. काम केलं की नाव येईलच.

ते आले, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये. दुसऱ्याच दगडाखाली खेकड्याने त्यांचं बोट धरलं.

"पाटील," बोट चोखत ते म्हणाले, "तुमचं नाव तुम्हालाच लखलाभ!"

त्या सोमवारपासून स्टाफरूममधला चहा आमच्या टेबलापर्यंत यायचा बंद झाला.

*

एका उन्हाळ्यात एक ओढा आटला. सरांनी तक्त्यात त्या महिन्यापुढे सरळ शून्य लिहिलं. जर्नलच्या परीक्षकाने सुचवलं की हा आकडा वगळावा, त्याने आलेख बिघडतोय. सरांनी उलट टपाली एवढंच कळवलं, "त्या महिन्यात ओढा आटला होता. आलेखाचा नाइलाज आहे."

पेपर परत आला. आम्ही तो दुसरीकडे पाठवला, शून्यासकट.

*

मग आमचाच एक जुना निबंध भलत्याच दोघांच्या नावाने छापलेला सापडला. तक्ते आमचे, वाक्यं आमची, एका स्पेलिंगची चूकसुद्धा आमचीच. मी रागाने लाल. सरांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं नीट ताडून पाहिलं. "चला," ते आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "कोनी तरी शेवटलोंग वाचं."

तरी संपादकाकडे तक्रार केलीच. पोच आली नाही.

*

दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले आणि तिथेच हार्ट अटॅकने वारले. आमचा शेवटचा पेपर तेव्हा जर्नलकडे होता. मला मेल यायला लागले: तुमच्या सहलेखकाने अजून संमती दिलेली नाही, कृपया त्यांना आठवण करून द्या.

हे मेल कॉम्प्युटरच पाठवतो, मला ठाऊक होतं. पण कॉलेजात सरांचं नाव काढणारं तेवढंच कोणी उरलं होतं. म्हणून संपादकाला कळवायला मी जरा उशीरच केला.

*

संपादक भला माणूस निघाला. सरांचं नाव राहू द्या, म्हणाला, फक्त घरच्यांची संमती घ्या. मी सरांच्या गावी गेले. काकू, सरांच्या पत्नी, ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. सही करायला त्या लगेच तयार होत्या, पण आधी काय लिहिलंय ते वाचून दाखव, म्हणाल्या.

पेपर इंग्रजीत. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. ओढे, दगड, खेकड्यांचे नांगे, तक्ते. काकूंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटच्या संदर्भांच्या यादीपर्यंत आले तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं.

सुपातला हात थांबवून त्या म्हणाल्या, "आते फक्त त्यासनं लिखेल वाच."

सरांनी लिहिलेलं, तेवढंच. मी पहिलं पान वर घेतलं आणि पुन्हा शीर्षकापासून वाचायला लागले.