अकरा ठिकाणी कापलेलं जाळं

खून, दरोडे बरेचसे विसरलो. गंगेकाठचं हे एक प्रकरण मात्र डोक्यातून अजून जात नाही.

पोलिसातल्या नोकरीची शेवटची चार वर्षं मी दिल्लीत प्रतिनियुक्तीवर होतो. वन्यजीवांचे गुन्हे पाहणारं कार्यालय, घर मयूर विहारला, काम बहुतेक कागदी. एके सकाळी निनावी फोन आला. गढ़मुक्तेश्वरच्या पुढे एका गावात एका मच्छीमाराने तेलासाठी सूंस मारली आणि रेतीत पुरली, एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. घरी सांगितलं तर मुलगी हसत सुटली. "बाबा, डॉल्फिनची मर्डर केस? यार, हे तुम्हालाच मिळतं!"

निनावी फोन करणारा खरं बोलत असला, तरी त्याचं काहीतरी दुखणं असतंच. हा माणूस मच्छीमाराचा शेजारीच निघाला. जाळं लावायच्या जागेवरून दोघांचं जुनं भांडण होतं. पण ते मला नंतर कळलं. तेव्हा मी चौकशीच केली नाही.

वन खात्याची माणसं आणि ठाण्याचे दोन शिपाई घेऊन आम्ही गेलो. रेती उकरली. सूंस मिळाली, मादी. मानेजवळ तीन खोल जखमा, धारदार हत्याराच्या. मच्छीमाराच्या झोपडीत हंसिया मिळाला, म्हणजे आपला विळा. पंचनामा केला, माणूस ताब्यात घेतला. पन्नाशीचा, काटकुळा, मान खाली.

ठाण्यात मी विचारलं, "ये घाव किसने किए?"

"मैंने, साहब."

"किससे?"

"हंसिया से."

"जाल कहाँ है?"

इथे मात्र त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "जला दिया."

वकील नाही, आरडाओरडा नाही, पाया पडणं नाही. एवढी सोपी कबुली मिळाली की पोलिसाने जरा थांबावं, हे मीच नव्या पोरांना शिकवत आलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी थांबलो नाही. कोर्टात उभं केलं, त्याची तुरुंगात रवानगी झाली. दोष सिद्ध झाला असता तर सात वर्षांपर्यंत आत गेला असता.

दोन आठवड्यांनी शवविच्छेदनाचा अहवाल आला. जखमा होत्याच. पण खाली एक ओळ होती: चरबी शाबूत. मी ती ओळ दोनदा वाचली. सूंसचं तेल निघतं ते चरबीतून. तेलासाठी मारली आणि चरबीला हातही लावला नाही? मनात म्हटलं, साहेब, कुठेतरी माती खाल्लीत.

मी पुन्हा गावात गेलो, या वेळी साध्या कपड्यांत. मच्छीमाराची बायको गोवऱ्या थापत होती. जाळ्याचं विचारल्यावर तीही म्हणाली, "जल गया."

मी म्हटलं, "बहनजी, जाल मिल जाए तो शायद आदमी छूट जाए."

तिने हात धुतले. माझ्याकडे नीट पाहिलं. मग भुशाच्या ढिगातून एक गाठोडं ओढून काढलं. नायलॉनचं हिरवं जाळं, जवळजवळ नवं. एकाच जागेभोवती अकरा ठिकाणी कापलेलं.

मग तिने सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं तो सकाळी ओढायला गेला, तेव्हा सूंस त्यात अडकलेली होती आणि जिवंत होती. मासा पाण्याखाली राहू शकतो. तिला श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि जाळं तिला वर येऊ देत नव्हतं. त्याने एक हात तिच्या गळ्याखाली घालून तोंड वर धरलं आणि दुसऱ्या हाताने जाळं कापत सुटला. ती तडफडली की हंसिया तिलाच लागायचा. शेवटी ती त्याच्या हातातच मेली.

"जिसको मारना हो, वो अपना जाल काटेगा क्या, साहब?" बाई म्हणाली.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी त्यांच्या हिंदीत विचारलं.

"उन्होंने ही कहा था, जाल छुपा दे. पुलिस को जाल मिला, तो मैं गया."

मला लाज वाटली, खरंच वाटली. ज्या वस्तूने तो सुटला असता, तीच त्याने माझ्या भीतीने लपवली होती. पुरावा आपल्या बाजूनेही बोलू शकतो, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आम्ही तसं कधी दाखवलंच नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी जाळं टेबलावर पसरलं आणि जखमांचे फोटो शेजारी ठेवले. तिन्ही जखमा जाळं कापल्याच्या जागांशी जुळल्या. मी तसा अहवाल कोर्टात दिला. एकोणीस दिवसांनी माणूस बाहेर आला. पुढे प्रकरणही बंद झालं.

कबुली म्हणजे सत्य नव्हे, हे पुस्तकात वाचलं होतं. या माणसाने ते मला शिकवलं. कसून विचारलं की माणूस बोलतो, हा माझा समज त्यानेच मोडला. मी विचारलं तेवढ्याचंच त्याने उत्तर दिलं होतं. "जखमा का झाल्या?" हे मी विचारलंच नव्हतं.

मुद्देमाल परत न्यायला त्याला ठाण्यात बोलावलं, तेव्हा मी मुद्दाम दिल्लीहून गेलो होतो. माफी मागायची होती. त्याऐवजी सीलबंद गाठोडं मीच उचलून त्याच्यापुढे धरलं. "लो भाई, तुम्हारा जाल."

तो दोन पावलं मागे सरकला.

"आप ही रखिए, साहब. घर में मिला तो फिर कोई पूछेगा."

जाळं मिळाल्याच्या कागदावर अंगठा उठवून तो रिकाम्या हाताने बसस्टँडकडे निघून गेला.