शंभर दुरो जास्त

एलादिओने जन्मभर खेचरं विकली, खेचरांचे दिवस संपल्यावर गाई विकल्या, पण युरो काही त्याच्या तोंडी बसला नाही. "याला अजून लाडाचं नाव पडलेलं नाही," तो बारमधल्या टेबलावर नाणं आपटून म्हणायचा. "ज्याला कुणी नाव दिलं नाही, ते पैसे कसले?"

स्पेनच्या जुन्या पैशांची नावं मात्र त्याला सोयऱ्याधायऱ्यांसारखी पाठ. पाच पेसेता म्हणजे दुरो, म्हणजे कडक, कारण एके काळी ते खणखणीत चांदीचं नाणं होतं. हजाराची नोट म्हणजे पोतं, कारण आजोबांच्या काळी मोठी रक्कम पोत्यातूनच न्यावी लागे. आणि दहा सेंतिमोंचं, म्हणजे पेसेताच्या दहाव्या भागाचं, तांब्याचं नाणं म्हणजे जाडी कुत्री. "सरकारनं त्यावर सिंह कोरला होता. गरिबाच्या हातात येईस्तोवर त्याची कुत्री झाली!" हे तो इतक्या वेळा सांगे, की त्याची बायको प्राक्सेदेस सूप वाढता वाढता त्याच्याआधीच वाक्य पुरं करी.

युरो आला त्या हिवाळ्यात अख्खं गावच गोंधळलेलं होतं. म्हातारी माणसं बेकरीवालीपुढे पाकीट उघडं धरून "तूच घे गं" म्हणत. एलादिओ एका पावासाठी पन्नासची नोट देऊन सुटे न घेताच घरी आला, तेव्हा सगळे हसले. प्राक्सेदेसही हसली. पुढे तो पोरीचं नाव विसरला, तेव्हाही लोक म्हणाले, युरोने म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं. वर्षभराने डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं: स्मृतिभ्रंश. आपल्या त्या हसण्याची लाज प्राक्सेदेसच्या मनातून अजून गेली नव्हती.

आता सोमवारी मुलगी नियेवेस त्याला कासेरेसच्या वृद्धाश्रमात नेणार होती. त्याला उचलून बसवायचं बळ प्राक्सेदेसच्या पाठीत उरलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण पाच महिने त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. जायच्या आधी त्याने एकदा ओळखावं, एवढंच तिचं मागणं होतं.

रविवारी दुपारी तिने त्याच्यापुढे लग्नाचा फोटो धरला. त्याने तो अदबीने परत केला. मग ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली आणि बाजारातल्या चढ्या आवाजात म्हणाली, "खेचर घ्यायचंय का? दोन हजार दुरो!"

"आई, कशाला छळतेस बाबांना?" बॅग भरणारी नियेवेस वैतागली.

एलादिओ ताठ झाला. "दात बघू."

"चार वर्षांचं आहे. बघून घ्या."

"एकोणीसशे. वर एक जाडी कुत्रीही मिळणार नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्रुहियोच्या बाजारात प्राक्सेदेसच्या वडिलांशी त्याने हीच घासाघीस केली होती. खेचर एकोणीसशेचंच होतं आणि त्याने दोन हजार मोजले होते. "शंभर दुरो तुझ्या डोळ्यांपायी बुडाले," असं तो संसारभर तिला टोचायचा.

"दोन हजार," ती म्हणाली.

तो पुढे वाकला आणि हळूच बोलला, "आजी, मला काय कळत नाही? एकोणीसशेच्या वर जायचं हे जनावर नाही. पण त्या विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागं पोरगी उभी आहे ना, हिरव्या रुमालाची? वरचे शंभर तिच्यासाठी. तिला सांगू नका हं, डोक्यावर बसेल."

"नाही सांगत," प्राक्सेदेस म्हणाली.

त्याने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. बाजारात तिसऱ्याने दोघांचे हात एकत्र आणल्याशिवाय सौदा पक्का होत नसे. तो त्या तिसऱ्याला शोधत इकडेतिकडे बघू लागला. नियेवेसने हातातला सदरा खाली ठेवला. ती आली, आईचा हात तिने बाबांच्या हातात दिला आणि वरून दाबला.

"झाला सौदा," ती म्हणाली.

एलादिओने बराच वेळ तो हात सोडला नाही. मग प्राक्सेदेसच्या खांद्यावरून दाराकडे बघत त्याने विचारलं, "आजी, ती पोरगी कुठं गेली?"

"पाणी आणायला गेलीय. येईलच."

"मग थांबतो मी."

सोमवारी दारात गाडी आली तेव्हा तो खुर्चीतून उठायला तयार नव्हता. पोरगी अजून आली नाही, म्हणाला.