लघवी वाढली म्हणून पेढे वाटले

"साखर चारशे दहा," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, रिपोर्ट दुसऱ्याचा असेल." पण कागदावर नाव माझंच होतं.

तीन महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीनं, नाचणगावच्या ताईनं, मला तिची एक किडनी दिली होती. त्याआधी वर्षभर डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त धुणं, चाललं होतं. लघवी जवळपास बंदच झाली होती. त्यामुळे ऑपरेशननंतर लघवीचं माप म्हणजे आमच्या घरचा सण. प्लास्टिकच्या मापात मोजायची आणि आर्वीहून ताईला फोन करून आकडा सांगायचा. अडीच लिटर, तीन, मग पाच! तहानही तशीच, तांब्या उचलला की रिकामा. भरपूर पाणी प्या असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "किडनी जोरात हाये!" म्हणत मी आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांना पेढे वाटले. दोन स्वतःही खाल्ले. वजन उतरत होतं, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

ते सगळं साखरेचं काम होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, पोस्ट ट्रान्सप्लांट डायबेटिस. आधी नसलेला मधुमेह किडनी बसवल्यावर सुरू होतो. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्यांनीच साखर वाढू शकते.

"या गोळ्या कमी किंवा बंद करायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. "साखर आपण इन्सुलिननं आवरू. किडनी गेली तर दुसरी कुठून आणणार?"

मी दुकानदार माणूस. ज्या मालानं त्रास होतो तो माल बंद, एवढंच मला कळतं. घरी येऊन स्टेरॉइडची गोळी चार दिवस गुपचूप खिडकीबाहेर टाकली. पाचव्या दिवशी तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती कचरा मागे ठेवते त्याचा आकडा, एक पॉइंट एकवरून दोनवर गेला. मी कबूल केलं. पुन्हा भरती, सलाइनमधून औषधं.

ताई दवाखान्यात आली ती संतापूनच. "काऊन रे, फेकाले देल्ली का मी तुले किडनी? सासरच्या साऱ्याईशी भांडून देल्ली!"

मला रडू आलं. माझ्या अतिशहाणपणापायी तिचं देणं मातीत जाणार होतं.

सहा दिवसांनी आकडा उतरला. मग मी शिकलो. पोटावर इन्सुलिन टोचायला, बोटातलं रक्त तपासायला, भाकरी मोजून खायला. उन्हाळ्यात लाइट गेली की इन्सुलिनची बाटली ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवायची. पहिल्यांदा सुई घ्यायला अर्धा तास लागला. नंतर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आत जाऊन टोचून यायचो.

माझ्यासारखं कुणी असेल तर ऐका. तहान, लघवी अचानक वाढली तर आनंद नंतर करा, आधी साखर तपासा. आणि गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका.

पाच वर्षांनी ताईला घेऊन तपासणीला गेलो. साखर ताब्यात. क्रिएटिनिन एक पॉइंट एक.

"म्हंजे चांगली हाये ना?" ताईनं विचारलं.

"उत्तम."

"मंग मोठ्यानं सांगा ना साहेब. बाहेर रांगेत सारे पेशंट भेऊन बसले हायेत."

डॉक्टर हसले, उठले, आणि खरंच दारात उभं राहून त्यांनी तो आकडा रांगेला मोठ्यानं वाचून दाखवला. डायलिसिसवाल्या एका बाईनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी तिथंच, सगळ्यांसमोर, ताईच्या पाया पडलो.