लाल कडेच्या काचा

केमोने मावशीची नखं काळी पडली होती, म्हणून ती त्यांना लालभडक नेलपॉलिश लावायची. रोडपालीला तिच्या घरी मी दर शनिवारी जायचे. त्या वर्षी बर्ड फ्लूच्या धास्तीने पनवेलच्या बाजारात चिकनची दुकानं ओस पडली होती आणि मी प्रयोगशाळेत कोंबडीच्याच एका विषाणूवर पीएचडी करत होते. हा विषाणू वेगळा, पिल्लांचं रक्त कमी करणारा. त्याचं एक प्रथिन कर्करोगाच्या पेशीत थेट केंद्रकात शिरतं आणि पेशीला मारतं; निरोगी पेशीत मात्र केंद्रकाबाहेरच पडून राहतं, असं आम्ही वाचलं होतं. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. हे मावशीला सांगायला नको होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हापासून ती दार उघडतानाच विचारायची, "गेलं का आत?"

स्लाइडवर पेशी ठेवल्या की वरच्या पातळ काचेच्या कडा आम्ही नेलपॉलिशने बंद करायचो. कर्करोगाच्या पेशींच्या स्लाइड झाल्या आणि आमची बिनरंगी बाटली संपली. खाली दुकानापर्यंत जायचा मला कंटाळा आला. मावशीने तसलीच नवी आणायला नमुना म्हणून दिलेली तिची लाल बाटली पर्समध्ये होती, तिने मी निरोगी पेशींच्या कडा बंद केल्या. मोजताना कोणती स्लाइड कसली ते मला कळू नये, म्हणून प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने नावांवर नंबर चिकटवले आणि स्लाइड पिसून दिल्या. किती पेशींत प्रथिन केंद्रकात गेलंय ते मी मोजलं. निकाल इतका सुंदर आला की सरांनी तो सोमवारच्या भाषणात घ्यायचं ठरवलं.

शनिवारी मी मावशीला सांगितलं, "गेलं. फक्त वाईट पेशींत."

"मग बुधवारची केमो मी नाही घेत," ती म्हणाली. "तुझं औषध येईपर्यंत थांबते."

"अगं, औषध व्हायला वर्षं लागतात. होईलच असंही नाही."

"लागू देत," असं म्हणून तिने हात पुढे केले. "आज तू लाव."

तिसऱ्या नखावर माझा हात थांबला. नंबर कसले आणि पिसणं कसलं! स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना लाल कड दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर होती. मावशीने काय झालं विचारलं, तर मी "सांडलं" म्हणाले. सांडलं काहीच नव्हतं.

रविवारी मैत्रिणीला बोलावून घेतलं. तिने सगळ्या कडांवर काळी चिकटपट्टी लावली, नवे नंबर दिले आणि एकेक स्लाइड स्वतः सरकवली. हिरवं चमकणारं प्रथिन निळ्या रंगवलेल्या केंद्रकात आहे की काठावर, हे कित्येक पेशींत धड सांगता येत नव्हतं. अशा पेशींत ते बाहेरच आहे, असं मी आधी लाल कड बघून धरलं होतं. या वेळी धरायला काही नव्हतं. सगळं मोजून झाल्यावर मैत्रिणीने पट्ट्या काढल्या. निरोगी पेशींतही ते बऱ्याच ठिकाणी आत गेलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी तिच्याशीही धड बोलले नाही.

सोमवारी सकाळी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता भाषणातून ते चित्र काढलं. तिथून मी तडक रोडपालीला गेले.

मावशीने दार उघडलं. या वेळी तिने काही विचारलं नाही.

"मी चुकीचं मोजलं होतं," मी म्हणाले. "चांगल्या पेशींतही जातंय ते."

ती खुर्चीवर बसली. दोन नखं लाल, बाकीची काळी, तशीच होती.

"म्हणजे माझ्या केमोसारखंच की गं," ती म्हणाली. उठून तिने कपाटातून केमोची फाइल काढली. "बुधवारी सकाळी सातला गाडी घेऊन ये. त्या वेळी इथून रिक्षा मिळत नाही."