दोन घोड्या आणि डोंगरातला मुक्काम

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला होता. एका सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरी, तुला घोड्याचं भ्या वाटतं का?"

मी अंबाजोगाईची. तिथंच शिकले, तिथंच बी.एस्सी. झाले. घोडी पाहिली होती ती नवरदेवाखालची, तीही गर्दीच्या मागून. मी म्हटलं, "कधी जवळ गेलेच नाही."

"मग भ्या हाय का न्हाई, ते तुला तरी कुठं ठावं," असं म्हणून त्यांनी भाकरी उलटली.

बीडला आमचं कापडाचं दुकान होतं. दुकान होण्याआधी माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, घोड्यांवर कापडाचे गठ्ठे लादून आठवडी बाजार करायचे. आज गेवराई, उद्या आणखी कुठलं गाव. आत्याबाईही लग्न झाल्यापासून बरोबर असायच्या, कारण त्यांच्या माहेरी घोडी होती आणि त्यांना मामांपेक्षा चांगलं बसता यायचं. मग दुकान झालं, आणि मी लग्न होऊन आले त्याच्या थोडं आधी टेम्पोही आला. गावात एसटीडीचे पिवळे बूथ आणि गच्चीगच्चीवर केबलच्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या. घोड्यांचं कामच उरलं नव्हतं. तरी दुकानामागच्या शेडमध्ये दोन घोड्या होत्या: एक तांबूस काळपट, तिला कुमैत म्हणायचे, आणि एक पांढरीशुभ्र, ती नुकरी. मामा वर्षातून एकदा त्या विकायचा विषय काढायचे. आत्याबाई विचारायच्या, "तुमचा टेम्पो हाक मारल्यावर मान वळवतो का?" विषय तिथंच संपायचा.

दर वर्षी दिवाळीनंतर त्या दोघींना घेऊन आत्याबाई काही दिवस डोंगरात राहायला जायच्या. घोड्यांचे पाय मोकळे करायला, असं त्यांचं म्हणणं. बरोबर त्यांचे भाऊ असायचे. त्या वर्षी भावाचे गुडघे धरले होते. माझे मिस्टर घोड्यावर बसत नसत. घोड्याला ब्रेक नसतो, असं ते म्हणायचे आणि लुना काढायचे. म्हणून माझी वर्णी लागली.

साडीत खोगिरावर बसणं मला जमेना. आत्याबाई नऊवारीचा काष्टा आवळून सहज टांग टाकायच्या. माझी पाचवारी रिकिबीत अडकायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून जाडसर निळं कापड फाडून आणलं आणि शेजारच्या शिंप्याकडून मला पंजाबी ड्रेस शिवून घेतला. सासरी मी घातलेला तो पहिला ड्रेस. मामांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कापड चांगलं निवडलंय," ते म्हणाले. एवढंच.

शेडमागच्या मोकळ्या जागेत मी शिकले. आधी सपाट तळहातावर गूळ धरायला, मग खरारा करायला, मग बसायला. नुकरीचे ओठ तळहाताला लागले तेव्हा मी डोळे मिटले होते. ओठ इतके मऊ असतील असं वाटलं नव्हतं. तिच्या श्वासाला भिजवलेल्या हरभऱ्याचा वास होता. डोळे उघडले तर आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. "आता कळलं ना," म्हणाल्या. भीती होती, पण पळून जाण्याएवढी नव्हती.

निघायच्या दिवशी मामा म्हणाले, "मी काय येत न्हाई. दुकान कोन बघंल? आन् तिकडल्या एका लग्नाचं बी आवतन हाय." आत्याबाईंनी "बरं" म्हटलं आणि कुमैतवर बसल्या. मी नुकरीवर. मिस्टर लुनावर, मागे वाकळी, पिठाचा डबा, तवा आणि घोड्यांच्या हरभऱ्याचं पोतं.

गावाबाहेर आलो तेव्हा ऊन कोवळं होतं. ऊसतोडीला निघालेल्या लोकांचा ट्रक आमच्या बाजूनं हळूहळू पुढं गेला. वर बसलेल्या बाया आमच्याकडं वाकून बघायला लागल्या.

"बाई, कुठं निघालात?" एकीनं विचारलं.

"डोंगरात. फिरायला," आत्याबाई म्हणाल्या.

"कावून?"

आत्याबाईंनी विचार केला. "बरं वाटतं," त्या म्हणाल्या. ती बाई हसली, बाकीच्याही हसल्या, आणि ट्रक वळेपर्यंत त्या हात हलवत राहिल्या.

पाटोद्याच्या बाजूला डोंगरात वनखात्यानं ओढ्याकाठी एक जागा राखलेली होती. एक पत्र्याची शेड, एक हापसा, दगड मांडलेल्या चुली आणि कडुलिंबाची मोठी झाडं. बाकी काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मिस्टर दुपारीच येऊन शेडच्या सावलीत झोपले होते. मी उतरले आणि तशीच उभी राहिले, कारण मांड्या जवळ येईनात. आत्याबाई म्हणाल्या, "चाल, चाल. बसलीस तर उठायची न्हाईस." मग मी वाकड्या पायांनी हापशावरून बादल्या आणल्या. आधी घोड्यांना पाणी, मग आपल्याला, हा तिथला नियम.

तेवढ्यात फॉरेस्टचे गार्ड सायकलवरून आले. खाकी कपडे, काखेत काठी. "परवानगी हाय का?" त्यांनी विचारलं. आत्याबाईंनी पिशवीतून कागद काढून दिला. तो त्यांनी उलटसुलट पाहिला.

"घोडी झाडाला बांधू नका. साल खातेत."

"झाडाला कोन बांधतंय? मेखा आणल्यात," आत्याबाई म्हणाल्या, आणि दगडानं मेख ठोकून दाखवली. "भाकरी खाता का?"

"ड्युटीवर हाय."

"येसर आमटी हाय."

गार्डनी सायकल स्टँडला लावली. जेवताना त्यांनी सांगितलं की मोर पहाटे ओढ्यावर येतात, पण घोडी फुरफुरली की उडून जातात. आत्याबाईंनी सांगितलं की आमच्या घोड्यांना रीतभात आहे.

सकाळी जाग आली ती गारठ्यानं. शेडबाहेर आत्याबाई अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसल्या होत्या. दोन्ही घोड्या मान खाली घालून उभ्या. ओढ्याच्या पलीकडं मोर होते, पाच-सहा तरी, अंगणातल्या कोंबड्यांसारखे माती उकरत. कोणीच फुरफुरलं नाही. मी वाकळ पांघरून तशीच बसून राहिले. घरी असते तर या वेळेला पाणी भरलं असतं, दूध तापवलं असतं. इथं मला करायला काहीच नव्हतं आणि कोणी काही सांगतही नव्हतं. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्टर दूध आणायला गेले, आत्याबाई कुमैतच्या खुरांतले खडे काढत बसल्या, आणि मी नुकरीला नुसत्या मोहरकीवर, म्हणजे तोंडाला बांधायच्या दोरीवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला चारायला नेलं. गवत गुडघ्याएवढं होतं, आणि कुसळं सलवारीला अशी चिकटली होती की निळा रंग दिसेना. नुकरी निवांत चरत होती. मग तिनं एकदम मान वर केली. कान पुढं झाले. मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं आलं: टेकाडाच्या पलीकडून बँड वाजत होता.

आमच्याकडं येण्याआधी नुकरी लग्नाच्या कामातच वाढली होती. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ आत्ता कळला. तिनं एक हिसका दिला, दोरी माझ्या हातातून सुटली, आणि ती चालायला लागली. पळाली नाही. चालली, ठरल्या कामाला निघाल्यासारखी. मी जवळ गेले की ती थोडी भरभर चालायची, मी थांबले की मागे वळून बघायची. मी आत्याबाईंना हाक मारली, पण बँडपुढं ती कुठं पोचणार. सीताफळीच्या झुडपांतून ती पुढं आणि मी मागं, असं करत आम्ही टेकाड उतरून थेट एका गावात शिरलो.

मांडवासमोर बँडवाले, बाया, पोरं, आणि मध्ये बाशिंग बांधलेला नवरदेव उभा. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. सगळे त्याच्याच तयारीत होते. नुकरी गर्दीतून वाट काढत गेली आणि बँडसमोर जाऊन उभी राहिली.

"आली बाबा घोडी," कोणीतरी म्हणालं. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडं वळले. "कवाची वाट बघायलोत. आन् खोगीर कुठाय? मोकळीच आणली व्हय?"

"अहो, ही तुमची नाही. ही आमची आहे," मी सांगत होते, पण ढोल इतका जोरात होता की ते नुसती मान हलवत राहिले. माझ्या केसांत काड्या, अंगभर कुसळं, पायात एकच चप्पल. तेवढ्यात पाहुण्यांच्या रांगेतून फेटा बांधलेला एक माणूस उठून उभा राहिला. ते मामा होते.

आवतण ह्याच लग्नाचं होतं. लग्नाचा बस्ता, म्हणजे सगळी कापडखरेदी, आमच्या दुकानातून झाली होती, आणि अशा घरच्या लग्नाला मामा आवर्जून जायचे. गाव डोंगरापलीकडं असल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

मामा जवळ आले. माझ्याकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं. "तू? इथं?"

"ही बँड ऐकून आली," मी म्हटलं. "थांबेचना."

मला वाटलं आता काहीतरी बोलणार. मामांच्या मिशा हलल्या, मग खांदे हलायला लागले, आणि ते हसायला लागले. इतकं की त्यांना फेटा धरावा लागला. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग ते त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडं वळले. "पाहुणं, ही सून हाय माझी. आन् घोडी बी आमचीच हाय."

गृहस्थ ओशाळले. त्यांनी ठरवलेली घोडी यायची होती तो टेम्पो घाटात बंद पडला होता.

"मग काय झालं," मामा म्हणाले. "बसवा की नवरदेवाला. एक वाकळ आणा, घडी करून."

वाकळीवर शाल टाकली, नवरदेवाला चौघांनी उचलून बसवलं. मोहरकी माझ्याच हातात होती. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं मलाही सुचलं नाही, मामांनाही नाही. बँड पुन्हा सुरू झाला आणि नुकरी नाचायला लागली. एक पाय डावीकडं, एक उजवीकडं, मान ताठ. नवरदेवानं दोन्ही हातांनी आयाळ धरली आणि बाशिंगाच्या आडून हळूच म्हणाला, "ताई, सोडू नका बरं."

"सोडत नाही," मी म्हटलं.

सगळ्या गावातून मी ती घोडी फिरवली. दारादारांतून बाया बघत होत्या, पोरं पुढं धावत होती, आणि मला लाज वाटायला हवी होती ती वाटत नव्हती. मारुतीपाशी नवरदेव सुखरूप उतरला. परत आल्यावर त्याच्या आईनं मला पाटावर बसवून कुंकू लावलं आणि ओटी भरली. ओटीतला खण आमच्याच दुकानातला होता. मामांनी तो लांबून ओळखला आणि समाधानानं मान हलवली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. मामा म्हणाले, "चल, तुला पोचवतो." टेकाडाच्या पायथ्याशी आलो तेव्हा त्यांनी घोडीच्या मानेवर थाप मारली, इकडंतिकडं पाहिलं, बूट काढून माझ्या हातात दिले आणि एका दगडावर चढून वाकळीशिवायच तिच्या पाठीवर बसले. मी त्यांचे बूट घेऊन मागं मागं चालले.

आत्याबाई टेकाडावर उभ्या होत्या. माझा शोध घेत त्या तिथवर आल्या होत्या. खाली फेटेवाला स्वार बघून त्यांनी कपाळावर आडवा हात धरला.

"कोन हाय ते?" त्यांनी विचारलं.

"नवरदेव," मामा म्हणाले.

पदर तोंडाला लावून आत्याबाई पाठमोऱ्या झाल्या, पण हसू पाठीवरूनही दिसत होतं.

मामा परत गेले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः चुलीपाशी बसून पिठलं केलं, आणि ते आत्याबाईंच्या पिठल्यापेक्षा चांगलं होतं. बाजाराच्या फेऱ्यांत स्वयंपाक तेच करायचे, कारण घोड्यांचं सगळं आत्याबाईंकडं असायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मग दोघं भांडत बसले: एकदा नदीकाठी मुक्कामाला असताना गठ्ठे भिजले, ते पावसानं की घोडी पाण्यात बसली म्हणून. मामा पाऊस म्हणत होते. आत्याबाई म्हणाल्या, "घोडीच बसलती. तुमी झोपलता." माझे मिस्टर माझ्याकडं बघून हसत होते. आईवडिलांना असं बोलताना त्यांनीही फारसं ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आत्याबाई मला वरच्या माळावर घेऊन गेल्या. तिथं झाड नव्हतं, नुसतं पिवळं गवत आणि आभाळ. "लगाम ढिला सोड. पाठ ताठ ठेव. बाकी तिला ठावं हाय," त्या म्हणाल्या आणि कुमैतला टाच मारली. नुकरी आपोआप मागं सुटली. पहिल्यांदा मी ओरडले. मग वारा इतका तोंडावर आला की ओरडता येईना, आणि मग ओरडायची गरजही वाटेना. पुढं आत्याबाईंचा पदर खांद्यावरून सुटून फडफडत होता. पन्नाशी उलटलेली माझी सासू माळाच्या टोकाला पोचून वळली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अजून एकदा?" तिनं विचारलं.

आम्ही चार वेळा गेलो.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मामांनी आपणहूनच विचारलं, डोंगरात कधी निघायचं. दुकानाच्या फळीवर त्यांनी खडूनं लिहिलं, "दुकान बंद आहे." शेजारच्या शिंप्यानं विचारलं, "शेठ, सणसूद न्हाई, काई न्हाई, बंद कावून?"

"घोड्या फिरवायला चाललोत," मामा म्हणाले, आणि कुलूप ओढून बघितलं.